पनवेलहून मुंबईची एक दिवसाची सहल: बस फुल्ल, तरी खिसा रिकामा का?



"मला माणसं जमवायला आवडतं. मी सहलींचा व्यवसाय करू का?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो, आणि बहुतेक वेळा विचारणारी एखादी ताई असते. बचत गटात तिला सगळे ओळखतात, सोसायटीच्या हळदीकुंकवाची यादी तिच्याकडे असते, ग्रुपवर तिचा शब्द चालतो. भांडवल कमी आणि ओळखी भरपूर, म्हणून हा व्यवसाय सोपा वाटतो.

करायला हरकत नाही. पण या धंद्यात नुकसान फार गुपचूप होतं. बस भरलेली असते, लोक खूश असतात, फोटो झकास येतात, आणि रात्री हिशोब मांडल्यावर कळतं की आपणच खिशातून पैसे घातले. म्हणून आज व्हिडिओतला हिशोब इथे सविस्तर लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक जुनं उदाहरण

जगातल्या पर्यटन व्यवसायाची गोष्ट सांगताना थॉमस कुक हे नाव हमखास येतं. त्याची पहिली सहल कशी होती? ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये लेस्टरहून लफबरोला, रेल्वेने, एका दिवसात जाऊन परत. साधारण ५०० माणसं, माणशी एक शिलिंग. सगळे दारूबंदीच्या सभेला निघालेले, म्हणजे एका विचाराचे लोक.

यातून तीन गोष्टी घ्या: जवळचं ठिकाण, एकच दिवस आणि आधीपासून जोडलेला गट. पहिल्याच फटक्यात काश्मीर किंवा दुबई करायला जाऊ नका. पनवेलकरांसाठी तशी जागा हाताशी आहे, ती म्हणजे मुंबई.

पनवेलचा माणूस तुम्हाला पैसे का देईल?

हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. पनवेलहून हार्बर लाइनची गाडी थेट सीएसएमटीला जाते, तीही अगदी किरकोळ तिकिटात. तुमची पहिली स्पर्धा या लोकलशी आहे. मग ग्राहक तुम्हाला हजार-दीड हजार कशाला देईल?

तर असे लोक बघा:

- कामोठे, कळंबोली, खांदा कॉलनीत मुलांकडे राहायला आलेले गावाकडचे आई-वडील. मुलाला सुट्टी नाही आणि यांना एकट्याने लोकल जमत नाही.
- ज्येष्ठ नागरिक संघ. गुडघे दुखतात, पण गेटवे बघायची हौस आहे.
- महिला बचत गट आणि सोसायटीतल्या मैत्रिणी. खरेदी करायची आहे, पण पिशव्या घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढायचं नाही.

या लोकांना ठिकाणांची यादी नकोय. त्यांना हवंय: बसायला जागा, वेळेवर जेवण, स्वच्छ शौचालय आणि "कोणी मागे राहिलं नाही ना" हे बघणारा माणूस. तुम्ही हेच विकताय. जाहिरातीतही हेच लिहा.

हिशोब: इथेच खरी परीक्षा

समजा ३५ सीटची बस आहे. तुम्ही आणि तुमचा एक सहायक अशा दोन सीट गेल्या. विकायला उरल्या ३३. खालचे आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही प्रत्यक्ष दर विचारून तुमचे आकडे भरा.

ठरलेला खर्च (माणसं ५ आली काय आणि ३३ आली काय, हा लागणारच):

- बसभाडे, डिझेल आणि ड्रायव्हर भत्त्यासह: १४,००० रुपये
- टोल आणि पार्किंग: २,००० रुपये
- सहायकाचं मानधन: १,५०० रुपये
- तुम्ही, सहायक, ड्रायव्हर आणि क्लीनर यांचं खाणंपिणं: १,५०० रुपये
- औषधपेटी, छपाई, फोन आणि अडीअडचण: १,००० रुपये
- एकूण: २०,००० रुपये

माणशी खर्च:

- सकाळचा नाश्ता आणि चहा: ७० रुपये
- दुपारचं जेवण: २५० रुपये
- संध्याकाळचं खाणं: ६० रुपये
- पाणी: ३० रुपये
- म्युझियमचं तिकीट: १५० रुपये
- बॅज आणि कापडी पिशवी: ४० रुपये
- एकूण: ६०० रुपये

आता दर ठरवू. बाजारात कोणीतरी "फक्त ९९९" अशी जाहिरात करतंय, म्हणून तुम्हीही तोच दर लावला. बघा काय होतं:

- दर ९९९: माणशी ६०० वजा जाता ३९९ उरले. पूर्ण ३३ सीट भरल्या तरी जमा १३,१६७. ठरलेला खर्च २०,०००. बस फुल्ल, तोटा ६,८३३ रुपये.
- दर १,२००: माणशी ६०० उरले. ३३ सीटचे १९,८००. बस फुल्ल, तरी २०० रुपयांचा तोटा.
- दर १,४००: माणशी ८०० उरले. २५ सीटला बरोबर खर्च निघतो. बस फुल्ल झाली तर ६,४०० रुपये नफा.
- दर १,५००: माणशी ९०० उरले. २३ व्या सीटला खर्च निघतो. २८ माणसं आली तर ५,२०० आणि फुल्ल झाली तर ९,७०० रुपये नफा.

खर्च निघतो त्या सीटच्या आकड्याला आपण "सुटका सीट" म्हणू. १,२०० रुपये दराची सुटका सीट ३४ वी आहे, आणि ती बसमध्ये नाहीच! म्हणजे सहल निघायच्या आधीच तोटा ठरलेला. हे कागदावर कळायला दहा मिनिटं पुरतात.

नियम सोपा ठेवा: सुटका सीट विकायच्या सीटच्या तीन चतुर्थांशाच्या आत आली पाहिजे. ३३ चे तीन चतुर्थांश म्हणजे साधारण २५. त्यामुळे इथे १,४०० हा काठावरचा दर आहे आणि १,५०० हा बरा दर. आयत्या वेळी कोणाला ताप येतो, कोणाकडे पाहुणे येतात, त्यामुळे चार-पाच सीट रिकाम्या जातातच. आणि या नफ्यातून तुमची मजुरी अजून जायची आहे, हेही विसरू नका.

मग ९९९ वाला जगतो कसा?

एक तर तो जेवण देत नाही, ते "स्वखर्चाने" असतं. किंवा मोठी बस घेऊन खर्च वाटून टाकतो. या दोन्हीत चूक काही नाही, फक्त आधी स्पष्ट सांगायला हवं. तिसरा मार्ग मात्र धोक्याचा: दुकानाचं कमिशन.

ठरावीक दुकानासमोर बस थांबते. "इथे स्वस्त मिळतं" असं सांगून सगळ्यांना आत नेलं जातं, दीड तास तिथेच जातो. लोक जे घेतील त्यातला हिस्सा सहलवाल्याला मिळतो, आणि तो हिस्सा अर्थातच वस्तूच्या किमतीत घातलेला असतो.

हे जगभर चालतं. चीनमध्ये जवळपास फुकट सहली काढून पर्यटकांना दुकानांत कोंडण्याचे प्रकार इतके वाढले, की १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झालेल्या पर्यटन कायद्यात अवाजवी कमी दराच्या सहली आणि सक्तीची खरेदी यांवर बंदी आली.

आपल्यासाठी धडा काय? सहलीचा खर्च सहलीच्या दरातूनच निघायला हवा. तो निघाला नाही, तर बाकीचे पैसे दुकानदार देतो, आणि त्या क्षणापासून तुम्ही प्रवाशांचे राहत नाही, दुकानदाराचे होता. पनवेलसारख्या गावात हे लपत नाही. शेजारच्या काकूंनी तीच साडी पुढच्या महिन्यात दुसरीकडे कमी किमतीत पाहिली, की तुमचं नाव पूर्ण सोसायटीत जातं. ज्या ओळखींच्या जोरावर धंदा सुरू केला, त्याच ओळखी संपतात.

दुकानदार स्वतःहून कमिशन देऊ करेल. त्याला हसून सांगा, "मला नको, माझ्या माणसांना बिलात सूट द्या." ही सूट बसमध्ये जाहीर करा. पुढच्या सहलीची निम्मी जाहिरात तिथेच होते.

वार आणि तारीख आधी, ठिकाणं नंतर

नवीन लोक आधी ठिकाणं ठरवतात आणि मग वार. उलटं करा.

- सोमवार: घारापुरीची लेणी आणि नेहरू तारांगण बंद.
- मंगळवार: सिद्धिविनायकाला मोठी रांग.
- बुधवार: राणीची बाग बंद.
- रविवार: फोर्टमधले रस्ते मोकळे, पण मंगलदास मार्केट बंद. खरेदीचा गट असेल तर रविवार नको.
- शनिवार: खरेदी आणि फिरणं दोन्ही जमतं.

तारखाही तपासा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनामुळे दादर परिसरात लाखोंची गर्दी असते. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी दक्षिण मुंबईतले बरेच रस्ते बंद असतात. गणपती विसर्जनाला गिरगावकडे फिरकायचंच नाही. आणि घरातलं कॅलेंडर बघा: एकादशी, संकष्टी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार. ३३ मधल्या १५ बायकांचा उपवास निघाला, तर ठरवलेली थाळी कोणाला वाढणार?

कमी ठिकाणं, जास्त वेळ

"१२ पॉइंट मुंबई दर्शन" असं लिहिलं की ग्राहक खूश होतो, पण संध्याकाळी वैतागलेला असतो. ३३ माणसं बसमधून उतरायला आणि परत चढायला प्रत्येक ठिकाणी साधारण २० मिनिटं धरा. १२ ठिकाणं म्हणजे चार तास नुसतं चढ-उतार! म्हणून चार-पाच ठिकाणं घ्या आणि तीही एकमेकांजवळची. शनिवारचा एक नमुना देतो:

- ६:४५ पनवेल एसटी स्टँडजवळ जमणं. वाटेत फक्त एक थांबा. दारोदार माणसं गोळा करत बसलात, तर तास तिथेच गेला.
- ७:०० प्रस्थान, अटल सेतूमार्गे. नाश्त्याचे डबे बसमध्येच. हे काम पनवेलमधल्याच एखाद्या बचत गटाला द्या, त्यांचाही धंदा होतो.
- ८:३० गेटवे ऑफ इंडिया. सकाळी गर्दी कमी आणि ऊनही कोवळं.
- १०:१५ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. उघडतानाच आत जायचं. इथे बसायला जागा आहे, शौचालय आहे, ज्येष्ठांना सोयीचं.
- १२:१५ जेवण. मग सीएसएमटीची इमारत बाहेरून आणि फोटो.
- २:०० क्रॉफर्ड मार्केट आणि मंगलदास मार्केट, अडीच तास.
- ५:०० गिरगाव चौपाटी. भेळ, चहा, समुद्र.
- ६:१५ परतीचा प्रवास.

हे सगळं दक्षिण मुंबईत, काही किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. म्हणून बसमध्ये कमी आणि जमिनीवर जास्त वेळ मिळतो.

अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. २१.८ किलोमीटरचा हा पूल अनेकांना स्वतःच एक ठिकाण वाटतो, पण त्यावर गाडी थांबवायला मनाई आहे, हे बसमध्ये आधीच सांगा. टोलच्या बाबतीत एक काळजी घ्या. सुरुवातीला कारसाठी एका बाजूचा २५० रुपये दर ठरला, तोच धरून बसचा हिशोब करू नका. बसचा वर्ग वेगळा आणि दर बराच जास्त. तसंच ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर टोलमाफी आहे, ती हलक्या वाहनांसाठी. मोठ्या बसला ती लागू होईल असं समजू नका.

बस ठरवताना विचारायचे चार प्रश्न

१. नंबरप्लेट पिवळी आहे ना, आणि पर्यटक परवाना चालू आहे ना? पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊन सहल काढणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विम्याचीही पंचाईत होते.

२. विमा आणि फिटनेसच्या कागदांचे फोटो मिळतील का? टाळाटाळ झाली, तर दुसरा बसवाला बघा.

३. या आकाराच्या बसला दक्षिण मुंबईत ठरलेल्या वेळेत प्रवेश आहे का? तिथे मोठ्या खासगी बसवर वेळेचे निर्बंध असतात. ही जबाबदारी बसमालकाकडून लेखी घ्या, मेसेज असला तरी चालेल. अडचण वाटली, तर दोन छोट्या गाड्यांचा दर काढा आणि हिशोब नव्याने मांडा.

४. भाड्यात किती तास आणि किती किलोमीटर? उशीर झाला तर जादा दर काय? हा प्रश्न न विचारल्यामुळे रात्री नऊ वाजता वाद होतात.

जेवण: लोक हेच लक्षात ठेवतात

सहल कशी झाली असं विचारलं, की माणूस आधी जेवणाबद्दल बोलतो. म्हणून आठ दिवस आधी स्वतः जाऊन त्या हॉटेलात जेवून या. हे तपासा:

- ३३ माणसं एकदम बसतील का, की दोन पंगती कराव्या लागतील? दोन पंगती म्हणजे ४० मिनिटं जादा.
- जिना आहे का? काळबादेवी-फोर्टमधल्या काही जुन्या भोजनालयांना पहिल्या मजल्यावर चढून जावं लागतं. थाळी कितीही छान असली, तरी ज्येष्ठांचा गट असेल तर तळमजलाच बघा.
- थाळी मर्यादित की अमर्यादित? दर करासह की कर वेगळा?
- जैन, उपवास आणि मधुमेह असलेल्यांची सोय होईल का? मधुमेहींना जेवणाला उशीर चालत नाही. सव्वाबाराचं जेवण सव्वाबारालाच.

आणि एक चव मुंबईची नक्की द्या. वडापावचा जन्म दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला, असं सांगितलं जातं. संध्याकाळी हातात गरम वडापाव देऊन ही गोष्ट सांगा. खर्च थोडाच, पण आठवण राहते.

खरेदी: वेळ द्या आणि शिस्तही

महिलांच्या गटात निम्म्या जणी खरेदीसाठीच आलेल्या असतात. अर्ध्या तासात आटपा म्हणालात, तर त्या परत येणार नाहीत. अडीच तास द्या, पण पद्धत लावा:

- पाच-सहा जणींचा एक गट, प्रत्येक गटाला एक गटप्रमुख.
- भेटायची जागा एकच: क्रॉफर्ड मार्केटचा घड्याळाचा मनोरा. तो लांबूनही ओळखता येतो.
- बस तिथे उभी राहू शकत नाही. ती ठरलेल्या वेळी येईल आणि लगेच निघेल, हे तीन वेळा सांगा.
- मंगलदासमध्ये कापड, क्रॉफर्डमध्ये सुकामेवा, मसाले आणि घरगुती सामान. कुठे काय मिळतं याचा छोटा हाताने काढलेला नकाशा प्रत्येकीला द्या.
- काही घाऊक दुकानदार एक नग देत नाहीत. अशा ठिकाणी गटाने मिळून घ्या आणि वाटून घ्या.
- ज्यांना खरेदी करायची नाही त्यांच्यासाठी बसायची सावलीची जागा आधीच हेरून ठेवा. आजोबांना अडीच तास फुटपाथवर उभं करू नका.

चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत

मोठा गाइड नसला तरी चालेल, पण माहिती पक्की हवी. ताजमहाल हॉटेल १९०३ चं आणि गेटवेचं उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ रोजी, म्हणजे हॉटेल आधीचं आणि गेटवे नंतरचं. बहुतेकांना हे उलटं वाटतं. याच गेटवेतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी निघून गेली. गेटवे आणि आपण बघणार ते वस्तुसंग्रहालय, दोन्हींचा वास्तुविशारद एकच, जॉर्ज विटेट. सीएसएमटीची इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं, आजचं अधिकृत नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई. एवढं सांगितलं तरी बस शांत होऊन ऐकते.

माणसं मोजणं

प्रत्येकाला नंबरचा बॅज. बस सुटण्याआधी १ ते ३३ प्रत्येकाने स्वतःचा नंबर मोठ्याने म्हणायचा. डोकी मोजण्यात चूक होते, नंबरात होत नाही. यादीत नाव, वय, घरच्या एका माणसाचा फोन आणि चालू औषधं लिहून घ्या. एक प्रत तुमच्याकडे, एक सहायकाकडे. बॅजच्या मागे तुमचा फोन नंबर छापा. गर्दीत चुकलेल्या आजींना स्वतःचा मोबाइल वापरता येईलच असं नाही.

पैसे आणि कागद

- बुकिंगला निम्मे पैसे, उरलेले चार दिवस आधी. बसमध्ये पैसे गोळा करू नका.
- रद्द केल्यास काय परत मिळेल, हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या.
- बुधवारी रात्री मोजणी करा. शनिवारच्या सहलीला सुटका सीटपेक्षा कमी बुकिंग असेल, तर छोटी गाडी घ्या किंवा सहल पुढे ढकला आणि ज्यांना पैसे परत हवेत त्यांना पूर्ण द्या. आशेवर बस काढू नका.
- उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, ती करून ठेवा.
- महाराष्ट्रात सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. १,५०० रुपये दराच्या ४० फुल्ल बस म्हणजे १९ लाख ८० हजार. इथे नफा मोजत नाहीत, जमा झालेली पूर्ण रक्कम मोजतात. त्या आकड्याजवळ येण्याआधी सीएला भेटा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तीन बसमालकांकडून दर घ्या आणि वरचा तक्ता तुमच्या आकड्यांनी भरा. तुमची सुटका सीट काढा.

२. लोकलने मुंबईला जाऊन हाच मार्ग स्वतः चाला. घड्याळ लावून प्रत्येक ठिकाणची वेळ लिहा, शौचालयं कुठे आहेत त्यावर खुणा करा.

३. तुमच्या ओळखीतल्या २० जणांना विचारा: "१,५०० रुपयांत ही सहल असेल तर याल का? नसेल तर का नाही?" फक्त ऐका, पटवायला जाऊ नका. ज्या कारणासाठी लोक नाही म्हणतात, तिथेच तुमच्या सहलीची पुढची सुधारणा सापडेल.

दर जास्त वाटतो म्हणून घाबरू नका. तो का आहे हे ग्राहकाला समजावता आलं पाहिजे: जेवण त्यात आहे, तिकीट त्यात आहे, कोणत्याही दुकानात तुम्हाला ढकलत नेणार नाही आणि रात्री तुमच्या आईला सुखरूप पनवेलला आणून सोडेन. हे ऐकल्यावर मुलगा आईच्या सीटचे पैसे आनंदाने भरतो.

तुमची सुटका सीट किती आली, ते आकड्यांसह लिहून पाठवा. पुढच्या भागात बघू, पहिल्या ३३ सीट भरायच्या कशा आणि ग्रुपवरचा मेसेज लिहायचा कसा. भेटूया, तोवर हिशोब चोख ठेवा!